इवोचे अकरा माग

रविवारी संध्याकाळी काशिनाथ सगळ्यांबरोबर जेवायला बसत नसत. मुलीने, श्रुतीने पानं घेतली तरी ते फोन घेऊन मागच्या डेकवर जात, खुर्ची भिंतीला टेकवून बसत, आणि घरातलं कुणी त्यांना हाक मारत नसे. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात संध्याकाळचे सात वाजलेले असत. त्या वेळी इटलीत, प्रातो नावाच्या गावात, सकाळचे सात वाजत आणि इवो नावाचा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा रिकाम्या रस्त्यांवरून फोन पुढे धरून चालत असे. घड्याळं पुढेमागे झाली की ही वेळ सरकायची, पण रविवार कधी चुकला नाही.

प्रातो हे विणकरांचं गाव. आठशे वर्षं लोकरीवर जगलेलं. इवो दर रविवारी त्यातली एकच इमारत दाखवायचा. एका रविवारी किल्ला: कुण्या जर्मन सम्राटाने बांधलेला, पांढऱ्या दगडाचा, आत काहीच नाही, चार भिंती आणि वर आभाळ. पुढच्या रविवारी चौकातली जुनी कचेरी, जिचा अर्धा भाग लाल विटेचा आणि अर्धा पांढऱ्या दगडाचा, दोन भावांनी वाटणी करून बांधल्यासारखा. मग एका व्यापाऱ्याचं घर. त्याच्या जिन्याखाली दीड लाख पत्रं सापडली होती. एक देऊळ असं की त्याच्या बाहेरच्या भिंतीवरचं संगमरवरी काम पाचशे वर्षं अर्धवट राहिलेलं. आणि सगळ्यांत जास्त वेळा कॅथेड्रल, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, ज्याच्या कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला सज्जा काढलेला आणि सज्ज्यावर नाचणारी पोरं कोरलेली.

"खरी पोरं आत ठेवलीत," इवोने एकदा सांगितलं होतं. "ही नकली. पाऊस ह्यांनी खायचा."

हे सगळं तो इटालियनमध्ये सांगायचा, आणि काशिनाथना ते कळायचं. त्यांचं इटालियन फक्त चार महिन्यांचं होतं, एका कारखान्याचं आणि सोळा रविवारांचं. त्यातही ते प्रातोचं. तिथली माणसं शब्दातला 'क' गिळतात आणि त्या जागी 'ह' सोडतात, म्हणून घराला काशिनाथ 'कासा' न म्हणता 'हासा' म्हणायचे. श्रुतीचा एक इटालियन ग्राहक होता, तिच्या फार्मसीत औषधं न्यायला यायचा. त्याच्याशी काशिनाथ एकदा चार वाक्यं बोलले, तर तो हसत सुटला होता. तुझे वडील तर तिकडच्या गिरणीकामगारासारखं बोलतात, म्हणाला.

ते खरंच होतं. १९९३ साली काशिनाथ इचलकरंजीत एका शेठच्या कारखान्यात जॉबर होते. मागांची दुरुस्ती, जुळणी, विणकरांवर देखरेख, सगळं त्यांच्याकडे. शेठने प्रातोतल्या एका बंद पडणाऱ्या गिरणीचे बारा माग जुन्यात घेतले, धोट्याविना चालणारे, त्या वेळी आपल्याकडे अपूर्वाईचे. ते खोलून, बांधून बोटीवर चढवायला शेठने काशिनाथना पाठवलं. वय एक्केचाळीस. त्याआधी ते मुंबईपलीकडे कुठे गेले नव्हते.

तिथे ते माग खोलायला इवोच होता. चोवीस वर्षं त्या बारा मागांचा जॉबर. गिरणी मोडली तेव्हा मालकाने त्याला सांगितलं, हा माणूस येईल, त्याला तुझे माग खोलून दे, मग तुझं काम संपलं. काशिनाथना वाटलं होतं हा माणूस आपला राग राग करील. इवोने पहिल्या दिवशी त्यांना एकेका मागापुढे उभं केलं आणि त्याची खोड सांगितली. हा थंडीत अडखळतो. ह्याला तेल जास्त लागतं. ही सहा नंबरची बाई आहे, हिच्याशी हळू बोलायचं. मग प्रत्येक सुट्या भागावर त्याने पिवळ्या रंगाने आकडे घातले, नटबोल्टच्या पिशव्यांवरसुद्धा. रविवारी तो काशिनाथना सायकलवर मागे बसवून गाव दाखवायला न्यायचा. दोघांना मिळून शंभर-दीडशे शब्द येत असतील. तेवढ्यात भागलं.

बारावा माग खोलताना त्याच्या सांगाड्याला तडा सापडला, म्हणून तो तिथेच राहिला. अकरा निघाले. शेवटची पेटी लागली तेव्हा इवोने हात पुसले आणि म्हणाला, "त्यांना नीट वागव."

काशिनाथनी तसं वागवलं. एकवीस वर्षं ते माग इचलकरंजीत चालले. २०१४ साली शेठच्या मुलांनी जागा विकायला काढली, आणि गॅस कटर घेऊन भंगारवाले आले. काशिनाथ दोन दिवस तिथे उभे होते. सहा नंबरचा माग कापला तेव्हा ते बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात इवोचा फोन आला. तेव्हा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. त्याची बायको वारली होती. मग शेवटी, नेहमी विचारायचा तसं त्याने विचारलं, "आणि माग?"

"वान्नो," काशिनाथ म्हणाले. चालतात.

त्या दिवशी दुसरं काही तोंडातून निघणं शक्य नव्हतं. पुढच्या फोनला सांगू, असं मनाशी म्हणाले. पुढच्या फोनलाही नाही सांगितलं. मग त्यांची बायको विमल गेली, श्रुतीने त्यांना न्यूझीलंडला आणलं, दर रविवारी समोरासमोर तोंड दिसायला लागलं, आणि प्रत्येक रविवारी शेवटी इवो विचारायचा आणि काशिनाथ तेच म्हणायचे. नऊ वर्षं. पुढच्या मे महिन्यात श्रुती, तिचा नवरा अनिरुद्ध आणि काशिनाथ, तिघं प्रातोला जाणार होते. रजा ठरल्या होत्या. इवोने दाखवायच्या जागांची यादी केली होती. काशिनाथनी मनाशी पक्कं केलं होतं, की तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, चौकात कुठेतरी बसून सांगायचं.

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शुक्रवारी सकाळी काशिनाथ उठले तर फोनवर इवोचा आवाज टाकलेला होता. इवो कधी असा निरोप पाठवत नसे. आधी नुसता पाऊस ऐकू आला, पत्र्यावर खडी ओतावी तसा. मग इवोचा आवाज, धाप लागलेला. पाणी, खूप पाणी, घरात, असं तो म्हणाला. मग एक वाक्य जे काशिनाथना कळलं नाही, आणि मग पुन्हा पाऊस.

त्यांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

श्रुती कामावर निघाली होती, गळ्यात ओळखपत्र आणि हातात डबा. त्यांनी तिला ते ऐकवलं. तिने बातम्या उघडल्या. त्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, नद्या-ओढे फुटले होते, माणसं गेली होती. इवोचं घर गावाच्या उत्तरेला, ओढ्याच्या काठी. तळमजल्यावर.

"अण्णा, लाइट गेले असतील तिकडे," श्रुती म्हणाली. "फोन चार्ज नसेल. संध्याकाळपर्यंत लागेल बघा."

"शेवटचं काय म्हणाला तो?"

तिने मोबाइलमधल्या भाषांतराला ते ऐकवून पाहिलं. त्याला पावसात काही सापडलं नाही. ती घड्याळाकडे बघत होती. "मला जावंच लागेल हो. आज आम्ही दोघीच आहोत. लंचला फोन करते."

ती गेली. अनिरुद्ध त्याआधीच वेलिंग्टनच्या ट्रेनने गेला होता. काशिनाथ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, शेजारचा माणूस गवत कापत होता. त्यांनी प्रातोच्या नगरपालिकेचा नंबर शोधला, कागदावर लिहून घेतला आणि लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला.

आणि तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला काहीच बोलता येत नाही. मागाला काय म्हणतात ते येत होतं, ताण्याला, बाण्याला, घंटाघराला, संगमरवराला. 'उद्या लवकर ये' येत होतं. बुडाला का, जिवंत आहे का, कुणी जाऊन बघेल का, यासाठी त्यांच्याकडे एक शब्द नव्हता. त्यांनी इवोचं नाव सांगितलं, रस्त्याचं नाव सांगितलं, आणि "माझा मित्र, पाणी, घर" एवढंच तीनदा म्हणाले. ती बाई भरभर काहीतरी बोलली. तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते. मग तिने त्यांना थांबायला सांगितलं असावं, कारण संगीत लागलं. ते अर्धा तास ऐकत बसले. मग फोन आपोआप तुटला.

दुपारी श्रुतीचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ये. मला नाही जमत हे."

"पाचला सुटते, अण्णा. त्याआधी खरंच नाही येता येणार."

शनिवार-रविवार श्रुतीने दुसरं काही केलं नाही. भाषांतर करून करून तिने प्रातोतल्या लोकांच्या चार-पाच गटांवर लिहिलं, चर्चला लिहिलं, बचावपथकाला लिहिलं. फोटो मागितला तेव्हा काशिनाथनी १९९३ सालचा काढून दिला. "हा कसा चालेल, अण्णा?" ती म्हणाली, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून तोच टाकला. रविवारी संध्याकाळी सात वाजता काशिनाथ सवयीने डेकवर जाऊन बसले. फोन मांडीवर. तासाभराने अनिरुद्ध बाहेर आला, त्यांच्या खांद्यावर शाल टाकून गेला.

सोमवारी सकाळी उत्तर आलं ते सान्द्रो नावाच्या माणसाचं. इवोच्या जुन्या गिरणीच्या आवारात चार खोल्यांचं एक लहानसं संग्रहालय होतं, तिथे तो काम करायचा. मागे राहिलेला तो तडा गेलेला बारावा माग इवोने तिथे वेल्डिंग करून उभा केला होता, आणि दर मंगळवारी तो शाळेच्या मुलांना चालवून दाखवायचा. सान्द्रोने लिहिलं होतं: इवो सापडला. तो जिन्यात अडकला होता, पहाटेपर्यंत, कंबरेएवढ्या पाण्यात. शेजाऱ्यांनी काढला. आता दुसऱ्या गावच्या इस्पितळात आहे, पुतणी मारिसा जवळ आहे. छातीत पाणी झालंय. आणि शेवटी लिहिलं होतं: तुम्हीच का ते भारतातले काशिनाथ? इवो आम्हाला तुमच्याबद्दल नेहमी सांगतो.

"मला तिकडे जायचंय," काशिनाथ म्हणाले.

अनिरुद्धने त्याच दिवशी व्हिसाचं पाहिलं. काशिनाथचा पासपोर्ट भारतीय. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागणार होतं, आणि पहिली मोकळी तारीख सत्तावीस नोव्हेंबरची होती. त्यानंतर किमान पंधरा दिवस. अनिरुद्धने फोन केला, इमेल केली, डॉक्टरांचं पत्र मागवलं. तिकडची माणसं सौजन्याने बोलली. नात्यातला माणूस असता तर विनंती पुढे पाठवता आली असती, म्हणाले. तुमचं त्यांच्याशी नातं काय?

अनिरुद्धने फोनवर हात ठेवून काशिनाथकडे पाहिलं.

"सांगा, आम्ही एका खात्यात कामाला होतो," काशिनाथ म्हणाले.

गुरुवारी सकाळी आठला मारिसाने फोन लावून दिला. तिकडे रात्र पडली होती. इवोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्याचं डोकं उशीत फार लहान दिसत होतं. काशिनाथनी आदल्या दिवशी श्रुतीकडून चार इटालियन वाक्यं करून घेतली होती, कागदावर देवनागरीत लिहून. माग आता नाहीत. नऊ वर्षांपूर्वीच गेले. मी सांगितलं नाही. मला माफ कर. कागद त्यांच्या हातात होता. श्रुतीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की एक जुनी गोष्ट बोलायची राहिलीय. ती वाक्यं लिहून देताना तिने काही विचारलं नव्हतं.

इवोने त्यांना ओळखलं. डोळ्यांत दिसलं ते. मग इवोने चादरीवरून हात उचलला, आणि तळवा आडवा करून पुढे-मागे, पुढे-मागे हलवला. माग चालतो तसा. आणि भुवया वर केल्या.

काशिनाथनी कागदाकडे पाहिलं. अक्षरं स्वच्छ होती.

"वान्नो," ते म्हणाले. "सगळे चालतात."

इवोने मान हलवली. हात खाली ठेवला.

शनिवारी तो गेला.

मारिसाने कळवलं, पाठोपाठ सान्द्रोने. बुधवारी अंत्यविधी होता आणि त्यानंतर त्या छोट्या संग्रहालयात सगळे जमणार होते, जुने गिरणीकामगार, शेजारी, ज्या मुलांना इवोने माग दाखवला ती मुलं. सान्द्रोची एक विनंती होती. इवो सगळ्यांना सांगायचा की माझे अकरा माग अजून भारतात चालतात, मी खोलले, मी आकडे घातले, आणि ते चालतात. मुलांना तर तो हे सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. तर त्या चालणाऱ्या मागांचा एखादा व्हिडिओ पाठवाल का? इवोसाठी तो दाखवावा असं मारिसालाही वाटतंय.

श्रुतीने ते भाषांतर मोठ्याने वाचलं आणि थांबली.

"म्हणजे नुसतं सांगायचं राहिलं नव्हतं, अण्णा? दर रविवारी तुम्ही त्यांना..."

"हो."

ती खुर्चीत मागे टेकून बसली. ती सोळा वर्षांची असेपर्यंत दुपारी डबा घेऊन त्या कारखान्यात जात असे. ते माग तिलाही माहीत होते. ते भंगारात गेले तेव्हा ती इथे शिकत होती आणि आईने फोनवर सांगितलं होतं.

"आता काय लिहू?"

"खरं ते लिही."

"आत्ता? अंत्यविधीच्या आधी? त्या पुतणीला?"

काशिनाथ उठून आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. दुपारचं ऊन पडद्यावर होतं. दोन दिवस ते जवळजवळ तिथेच होते. जेवायला आले की पोळीचा तुकडा हातात धरून बसायचे. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "लिहिलंस का?"

"लिहिलं," श्रुती म्हणाली. "तुम्ही जेवा."

तिने काय केलं होतं ते त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. इचलकरंजीत धैर्यशील नावाचा तिचा आतेभाऊ होता, त्याचा स्वतःचा छोटा कारखाना. तिने त्याला फोन करून सांगितलं, तुझ्या कारखान्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठव, धोट्याविना चालणारे माग असतील तर तेच, आणि मागांवरची कंपनीची नावं दिसू देऊ नकोस. त्याने पाठवला. तिने तो सान्द्रोला पाठवला, खाली दोन ओळी लिहून.

काशिनाथना हे कळलं ते सान्द्रोच्या इमेलमधून. व्हिसाची तारीख टळून गेली होती. त्यांनी जायला नको म्हटलं होतं. सान्द्रोने आभार मानले होते. व्हिडिओ भिंतीवर मोठा करून दाखवला. म्हातारे कामगार आवाज ऐकून रडले. आता आम्ही तो बाराव्या मागाशेजारी कायमचा लावलाय, आणि खाली एक पाटी केलीय. सोबत पाटीचा फोटो होता. काशिनाथनी तो फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचला. 'ह्या मागाचे अकरा भाऊ आजही भारतात विणत आहेत.' त्याखाली इवोचं नाव आणि त्याखाली त्यांचं.

श्रुती संध्याकाळी आली तेव्हा ते दारातच उभे होते. तिने त्यांच्या हातातला फोन पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

"मला तुमचं तोंड बघवत नव्हतं, अण्णा," ती म्हणाली. "वाटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. दाखवतील आणि विसरतील. ते भिंतीवर लावतील असं मला काय माहीत."

त्यांना रागवायचं होतं. दुपारभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती. पण ती सकाळी आठपासून उभी होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तिने केलं ते त्यांच्या नऊ वर्षांपेक्षा वेगळं काही नव्हतं.

"चहा घे आधी," ते म्हणाले. "मग आपण लिहू."

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. माग २०१४ साली कापले गेले. इवोला मी शेवटपर्यंत खोटं सांगितलं. व्हिडिओ दुसऱ्या मागांचा आहे. पाटी काढावी. श्रुतीने "व्हिडिओ मी पाठवला" असं घातलं, ते त्यांनी खोडायला लावलं. "माझं नाव लिही. पाटीवर माझंच आहे."

उत्तर सान्द्रोचं नाही आलं, मारिसाचं आलं. लांबलचक. तिने लिहिलं होतं की तुमचं पत्र वाचून मी खूप वेळ बसून राहिले. तुम्ही त्याला का सांगितलं नाही ते मला समजतं. मीसुद्धा त्याला त्याच्या छातीचं खरं सांगितलं नव्हतं. पण त्याचं घर गेलं, सामान चिखलात गेलं, फोटोसुद्धा वाचले नाहीत. त्याचं म्हणून ह्या गावात आता तो एक माग आहे आणि ती एक ओळ. तेवढी राहू द्या. मी हात जोडून सांगते.

सान्द्रोने त्यानंतर एक ओळ लिहिली. घरच्यांची परवानगी असेल तर पाटी बदलता येईल, एरवी नाही.

काशिनाथनी फेब्रुवारीत पुन्हा लिहिलं. मारिसाने पुन्हा तेच कळवलं, अधिक मऊ शब्दांत. त्यांनी मार्चमध्ये लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. काय करायचं ते त्यांना कळेना. गप्प राहिलं तर भिंतीवरचं खोटं त्यांच्या नावाने उभं, आणि हट्ट धरला तर मारिसाच्या हातातलं उरलंसुरलं काढून घ्यायचं. अनिरुद्ध म्हणाला, "अण्णा, कुणाचं नुकसान होतंय त्यात?" रविवारी संध्याकाळी ते आता सगळ्यांबरोबर जेवत. जेवण झालं की श्रुती त्यांना नदीकाठी फिरायला न्यायची. मे महिन्यातल्या रजा तिघांनीही रद्द केल्या होत्या.

मे महिन्यातच सान्द्रोने विचारलं, की चौथीचा एक वर्ग माग बघायला येणार आहे. इवो नाही, तर तुम्ही व्हिडिओवरून दोन शब्द बोलाल का? मुलांना फार आवडेल. तिकडे सकाळचे नऊ, म्हणजे इथे संध्याकाळचे सात.

काशिनाथ हो म्हणाले. श्रुतीला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, "वान्नो म्हणजे चालतात. चालत होते याला काय म्हणतात?"

कारखान्यात त्यांना भूतकाळ कधी लागला नव्हता. माग चालतो, माग थांबतो, धागा तुटतो, एवढ्यावर चार महिने निघाले होते. श्रुतीने शोधून सांगितलं: अन्दावानो. त्यांनी ते पाठ केलं. आंघोळ करताना, डेअरीतून दूध आणताना, खिडकीशी उभं राहून. अन्दावानो. पाटी तर बदलता येत नाही. निदान पोरांना कुणी विचारलंच, तर आपल्या तोंडून खोटं जायला नको. मारिसाचं मनही मोडणार नाही, आणि खोटंही नाही. त्यांना ते बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी त्या आठवड्यात त्यांना बरं वाटलं.

सोमवारी सात वाजता त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. श्रुती शेजारी बसली. पडद्यावर वीट-भिंतीची खोली दिसली, मध्ये तो बारावा माग, तेल देऊन चकचकीत केलेला, आणि त्याच्याभोवती पंचवीसेक मुलं, काही चिनी तोंडवळ्याची, एक पगडीवाला. मागे एक बाई हाताची घडी घालून उभी होती. मारिसा असावी. शिक्षिका तरुण होती, मोठ्याने बोलणारी. तिने मुलांना सांगितलं, हे भारतातले सिन्योर काशिनाथ, इवोआजोबांचे मित्र.

काशिनाथनी त्यांना सांगितलं की इवो मागांशी बोलायचा. सहा नंबरची बाई आहे म्हणायचा. मुलं हसली. थंडीत एक माग अडखळायचा ते त्यांनी हात हलवून दाखवलं. त्यांचं 'हासा' ऐकून मारिसाने तोंडावर हात धरला. मग पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. चिनी चेहरा, दोन वेण्या, आणि बोलणं थेट इवोच्या गल्लीतलं.

"आणि ते माग चालतात?"

काशिनाथनी श्वास घेतला. "अन्दावानो," ते म्हणाले.

मुलीला कळलं नाही, तिने शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका हसली, प्रेमाने, परदेशी माणूस भाषा बोलायला धडपडतो तेव्हा हसतात तशी.

"वान्नो," तिने त्यांची चूक सुधारली. "सिन्योर, वान्नो." आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? आजही चालतात."

"नो," काशिनाथ म्हणाले. "अन्दावानो. अन्दावानो."

"हो, हो," ती मान डोलवत म्हणाली, "वान्नो." आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तशी सगळी मुलं वाजवू लागली. त्या आवाजात त्यांचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. मागे मारिसा डोळे पुसत होती. सान्द्रोने बटण दाबलं आणि तो एकटा माग खडखडत सुरू झाला. मुलं तिकडे धावली. पडद्यावर नुसत्या पाठी राहिल्या.

थोड्या वेळाने फोन बंद झाला. श्रुती त्यांच्याकडे बघत होती. ते दोन शब्द सोडले तर तिला काही समजलं नव्हतं, टाळ्या दिसल्या होत्या.

"काय म्हणाली ती बाई?"

"माझं व्याकरण सुधारलं," काशिनाथ म्हणाले. ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि कणीक मळायला घेतली, कारण श्रुती दमून आली होती आणि पोळ्या अजून व्हायच्या होत्या.